अनेक हात, एक सूत्र : अपघात विभागातील पथकप्रमुखाचे कार्य

नाशिकहून दिंडोरीमार्गे उत्तरेकडे जाणारा रस्ता वणी गावी पोचतो, तेव्हा समोर सप्तशृंगीची डोंगररांग उभी असते. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ म्हणून मान्यता पावलेल्या या देवीला महाराष्ट्र ‘वणीची देवी’ म्हणूनच ओळखतो. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत आणि पुन्हा शारदीय नवरात्रात खानदेश, मराठवाडा व गुजरातेतून भाविकांची रीघ लागते. कोणी पायी येतात, कोणी एस. टी. ने, तर कोणी मालमोटारींत दाटीवाटीने बसून येतात. नांदुरीच्या पायथ्यापासून गडावर चढणारा घाट वळणावळणाचा आहे. वणीहून दुसरा रस्ता सापुताऱ्याच्या घाटाकडे जातो. भोवतीचा मुलूख द्राक्षबागांचा, भाजीपाल्याच्या शेतीचा आणि आदिवासी पाड्यांचा आहे.

या भूगोलाचा एक परिणाम वणीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दाराशी येऊन थांबतो. घाटातील अपघात, शेतातील सर्पदंश, फवारणीच्या औषधाची विषबाधा आणि अडलेली बाळंतीण ही या परिसरात कोणत्याही वेळी दार ठोठावू शकणारी संकटे आहेत. २००८ च्या जानेवारी महिन्यात सप्तशृंगी घाटात यात्रेकरूंची बस दरीत कोसळून चाळीसच्या आसपास लोक मृत्युमुखी पडले. १२ जुलै २०२३ रोजी सकाळी गडावरून खामगावकडे निघालेली राज्य परिवहन महामंडळाची बस गणपती टप्प्याजवळ दरीत गेली. त्यात एका महिला प्रवाशाचा मृत्यू झाला व सुमारे वीस जण जखमी झाले. जखमींना वणी येथील ग्रामीण रुग्णालयात आणण्यात आले होते.

ग्रामीण रुग्णालय हे सामान्यतः तीस खाटांचे असते. अशा ठिकाणी एकाच वेळी अनेक जखमी आले, म्हणजे औषधे किती, खाटा किती आणि डॉक्टर किती, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु तितकाच महत्त्वाचा असा आणखी एक प्रश्न आहे आणि तो सहसा विचारला जात नाही. आहेत त्या माणसांची कामे कोण लावून देणार? उपलब्ध हातांना एका सूत्रात गुंफण्याचे हे कार्य म्हणजेच अपघात विभागातील नेतृत्व होय. त्याचे स्वरूप समजून घेणे केवळ डॉक्टरांच्याच नव्हे, तर रुग्णालयाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

एक रुग्ण, अनेक व्यवसाय

अत्यवस्थ रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा त्याच्याभोवती जमणारी माणसे वेगवेगळ्या व्यवसायांची असतात. वैद्यकीय अधिकारी रोगनिदान करतो. अधिपरिचारिका शिरेत सुई बसविते, औषध देते आणि नाडी व रक्तदाबावर लक्ष ठेवते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ रक्ताची तपासणी करतो, क्ष-किरण तंत्रज्ञ छायाचित्रे काढतो, औषधनिर्माण अधिकारी साठ्यातील औषध हाती देतो. कक्षसेवक रुग्णाला उचलतात, वळवतात, प्राणवायूचे नळकांडे आणतात. रुग्णालयात ‘मामा’ आणि ‘मावशी’ या नावांनी हाक मारली जाणारी ही मंडळी नसतील, तर कोणताही उपचार पुढे सरकत नाही. रुग्णवाहिकेतील डॉक्टर आणि चालक हेही या पथकाचेच घटक असतात.

या प्रत्येकाचे शिक्षण निराळ्या ठिकाणी, निराळ्या पद्धतीने झालेले असते. नाशिकहून वणीकडे जाताना दिंडोरी रस्त्यावरच म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय लागते. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आदी शाखा एका छत्राखाली आणल्या. परंतु विद्यापीठ एक असले तरी महाविद्यालये व वर्ग निरनिराळे असतात. भावी डॉक्टर आणि भावी परिचारिका एका बाकावर बसून शिकत नाहीत. बहुधा त्यांची खरी गाठ प्रथम रुग्णाच्या खाटेपाशीच पडते. प्रत्येकजण आपल्या कामात निष्णात असतो, पण दुसऱ्याचे काम कोठे सुरू होते व कोठे संपते याची त्याला पुरती कल्पना नसते.

म्हणूनच निष्णात माणसे एकत्र आली, की आपोआप निष्णात पथक तयार होते असे नाही. प्रमुख ठरलेला नसेल, तर बारभाई कारभार सुरू होतो. दोघे एकाच हातात सुई टोचू पाहतात आणि रुग्णाचा श्वास कोणीच पाहत नाही. चौघे ‘रक्त मागवा’ असे म्हणतात आणि रक्तपेढीला दूरध्वनी कोणीच केलेला नसतो. सर्वांनी मनापासून धडपड केलेली असते, तरीही महत्त्वाची मिनिटे निघून जातात.

सर्वांना ठाऊक असलेला क्रम

पथकाला एकत्र बांधणारी पहिली गोष्ट म्हणजे उपचारांचा ठरलेला क्रम. तो कसा अस्तित्वात आला याची हकीकत उद्बोधक आहे. १९७६ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर यांचे लहान विमान नेब्रास्का राज्यातील एका शेतात कोसळले. त्यांच्या पत्नी जागीच मृत्यू पावल्या, ते स्वतः व मुले जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मिळालेल्या उपचारांत कोणताही क्रम नव्हता, हे त्यांनी वैद्य आणि पिता अशा दोन्ही नात्यांनी अनुभवले. दोष कोणा एका डॉक्टरचा नसून शिक्षणपद्धतीचा आहे हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसह ग्रामीण डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम तयार केला. १९७८ मध्ये तो प्रथम शिकविण्यात आला. पुढे अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने त्याचा स्वीकार केला आणि आज तो भारतासह अनेक देशांत शिकविला जातो.

या पद्धतीचे सार सोपे आहे. जे आधी मारते, ते आधी हाताळावे. प्रथम श्वासमार्ग मोकळा आहे काय हे पाहावे व मानेचे हाड सांभाळावे. मग श्वसन, त्यानंतर रक्तस्राव व रक्ताभिसरण, नंतर शुद्धी आणि शेवटी कपडे दूर करून सर्वांगाची तपासणी करावी व लगेच पांघरूण घालून ऊब द्यावी. मोडलेला पाय डोळ्यांत भरतो, पण तो बहुधा थांबू शकतो. अडलेला श्वास थांबू शकत नाही. हा क्रम डॉक्टरांपासून कक्षसेवकापर्यंत सर्वांना माहीत असेल, तर पुढची पायरी कोणती हे प्रत्येकाला न सांगताच कळते. समान क्रम ही पथकाची समान भाषा होय.

पथकप्रमुख कोठे उभा असतो?

क्रम ठरला, तरी तो पार पाडून घेणारा कोणीतरी असावा लागतो. जिथे माणसे पुरेशी आहेत, अशा मोठ्या रुग्णालयांत पथकप्रमुख रुग्णाच्या पायथ्याशी उभा राहतो. त्या जागेवरून रुग्णाचे सर्व शरीर, यंत्रावरील आकडे आणि काम करणारी सर्व माणसे एका नजरेत येतात. तो शक्यतो स्वतः हात लावत नाही. नवख्या माणसाला हे विचित्र वाटते. सर्वांत जाणता डॉक्टर हात बांधून का उभा आहे, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. परंतु कारण साधे आहे. माणूस शीर शोधण्यासाठी वाकला, की त्याचे जग त्या हातापुरते उरते. रक्तदाब उतरला, ओठ निळे पडू लागले, हे त्याला दिसत नाही. म्हणून कोणा एकाने तरी मान वर ठेवणे आवश्यक असते.

पथकप्रमुखाची कामे मोजकी आहेत. रुग्ण येण्यापूर्वी, जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात, तो कामे वाटून देतो. डोक्याशी कोण, डाव्या हाताशी कोण, औषधे कोण भरणार आणि वेळ व नोंद कोण ठेवणार, हे तो नावानिशी सांगतो. उपचार सुरू असताना दर काही मिनिटांनी तो मोठ्याने आढावा घेतो. आतापर्यंत काय आढळले, काय केले, आता काय करावयाचे आहे, हे सर्वांना ऐकू जाईल असे बोलतो आणि अखेरीस विचारतो, “माझ्याकडून काही राहिले आहे काय?” निर्णय त्याचा असतो, पण निर्णयाची सामग्री सर्वांकडून येते.

येथे पद आणि नेतृत्व यांतील फरक लक्षात घ्यावयास हवा. वयाने व हुद्द्याने ज्येष्ठ व्यक्ती खोलीत आली, म्हणून ती आपोआप पथकप्रमुख होत नाही. दोन प्रमुख असणे हे एकही नसण्याइतकेच घातक असते. ज्येष्ठाने सूत्रे घ्यावयाची असतील, तर “आतापासून मी पाहतो,” असे त्याने स्पष्ट उच्चारावे आणि आधीच्या प्रमुखाने सर्व माहिती देऊन सूत्रे सोपवावीत. तसे न करता बाजूने सूचना देत राहिल्यास पथकाने कोणाचे ऐकावे हा पेच निर्माण होतो.

आज्ञा आणि प्रत्युत्तर

गोंधळाच्या खोलीत सर्वांत निरुपयोगी शब्द कोणता असेल, तर तो ‘कोणीतरी’ हा होय. “कोणीतरी सलाईन लावा” ही आज्ञा सर्वांना ऐकू येते आणि कोणालाच लागू होत नाही. त्याऐवजी ज्याला काम द्यावयाचे त्याच्याकडे पाहून, नाव घेऊन, एका वेळी एकच काम सांगावे. ऐकणाऱ्याने ते काम स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारावे आणि पूर्ण होताच तसे कळवावे.

उदाहरणार्थ, डॉक्टर म्हणतात, “सिस्टर, ॲड्रिनलिन एक मिलिग्रॅम शिरेतून द्या.” परिचारिका उत्तर देते, “ॲड्रिनलिन एक मिलिग्रॅम, शिरेतून.” काही क्षणांनी ती सांगते, “ॲड्रिनलिन दिले, दहा वाजून चार मिनिटे.” नोंद ठेवणारा ते लिहून घेतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला हे औषध तीन ते पाच मिनिटांच्या अंतराने द्यावयाचे असते. त्यामुळे ही नोंद म्हणजे पुढच्या मात्रेचे घड्याळच असते. त्याच वेळी छाती दाबण्याचे काम मिनिटाला १०० ते १२० या गतीने अखंड चालू असते. हे काम करणारा दोन मिनिटांत दमतो, पण दमलो असे सांगत नाही. त्याला बदलण्याची सूचना वेळेवर देणे हेही प्रमुखाचेच काम आहे.

आज्ञा, पुनरुच्चार आणि पूर्ती ही त्रिपदी ऐकताना शाळकरी वाटते. परंतु दहा आणि शंभर, उजवा आणि डावा, मिलिग्रॅम आणि मिलिलीटर यांतील गफलती येथेच पकडल्या जातात.

शंका बोलून दाखविण्याचा हक्क

नेतृत्वाची खरी कसोटी आज्ञा देण्यात नाही, तर शंका ऐकून घेण्यात आहे. या बाबतीत वैद्यकाने एक मोठा धडा विमानवाहतुकीकडून घेतला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दोन प्रचंड बोइंग विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे प्राणास मुकली. उड्डाण घेणाऱ्या विमानातील अभियंत्याने, समोरचे विमान अद्याप धावपट्टीवर तर नाही ना, अशी शंका बोलून दाखविली होती. अनुभवी कप्तानाने ती बाजूस सारली. या व अशा अन्य दुर्घटनांच्या अभ्यासातून १९७९ पासून वैमानिकांना एक नवे प्रशिक्षण देण्याची चळवळ सुरू झाली. ज्येष्ठाने विचारावे आणि कनिष्ठाने बोलावे, हा तिचा गाभा होता. पुढे भूलशास्त्र, शस्त्रक्रिया आणि तातडीचे उपचार या शाखांनी तो स्वीकारला.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांना व वरिष्ठांना उलट न बोलण्याचा संस्कार आहे. तो घरात शोभतो. परंतु रुग्णाला एखाद्या औषधाचे वावडे असल्याचे त्याच्या आईने परिचारिकेला सांगितलेले असेल आणि डॉक्टर नेमके तेच औषध मागत असतील, तर परिचारिकेचे मौन हा आदर ठरत नाही. अशा वेळी बोलण्याच्या पायऱ्याही शिकता येतात. प्रथम वस्तुस्थिती सांगावी : “सर, याला त्या औषधाचे वावडे असल्याचे आई सांगते आहे.” तरीही लक्ष गेले नाही, तर काळजी व्यक्त करावी. तेवढ्याने भागले नाही, तर “सर, थांबा” असे स्पष्ट म्हणावे. त्यावर प्रमुखाने “बरे झाले सांगितलेत” एवढे म्हटले, तर पुढच्या वेळी तीच परिचारिका अधिक लवकर बोलेल. उलट तो खेकसला, तर त्या खोलीतील प्रत्येकजण पुढील कित्येक महिने गप्प राहील. एका वाक्याने पथक घडते किंवा मोडते, ते असे.

डॉक्टर एकच असतो तेव्हा

वरील वर्णन वाचून कोणी म्हणेल, की हे सर्व मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत ठीक आहे, तालुक्याच्या भागात रात्री एक डॉक्टर, एक-दोन परिचारिका आणि एखादा कक्षसेवक असताना पथक ते कसले? वस्तुतः हात कमी असतात तेथेच सूत्राची गरज अधिक असते.

समजा, पावसाळ्यातील एका रात्री पाड्यावरून दहा वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवरून आणले आहे. पायाला दंश आहे, सूज चढते आहे. साप घोणस की फुरसे, हे सांगता येत नाही. परिचारिका दोन मिलिलीटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेते. ती नळी वीस मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि मग एकदाच तिरपी करून पाहावयाची असते. रक्त गोठले नाही, तर विष रक्तात भिनले असे समजून प्रतिविष सुरू करावयाचे. हे वीस मिनिटांचे घड्याळ कोण सांभाळणार? डॉक्टर मुलाचा श्वास, पापण्यांची हालचाल आणि लघवीचा रंग तपासत असतात. घड्याळ सांभाळणाऱ्याचे नाव ठरले नसेल, तर नळी तशीच राहते आणि वीसाची चाळीस मिनिटे होतात.

प्रतिविषाची पहिली मात्रा सामान्यतः दहा कुप्यांची असते. मूल लहान असले तरी मात्रा कमी करीत नाहीत, कारण सापाने सोडलेले विष मूल पाहून कमी होत नाही. प्रत्येक कुपीतील भुकटीत दहा मिलिलीटर ऊर्ध्वपातित पाणी मिसळून, फेस न आणता, हळुवार फिरवून ती विरघळवावी लागते. एका माणसाला दहा कुप्या विरघळविण्यास बराच वेळ लागतो. दोघे बसले तर तो निम्म्यावर येतो. शिवाय प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रिनलिन आधीच भरून हाताशी ठेवावे लागते. ही सर्व कामे एकाच परिचारिकेवर टाकली, तर ती एकामागून एक होतात. कुप्या औषधनिर्माण अधिकाऱ्याने विरघळवाव्यात, मुलाच्या वडिलांना धीर देण्याचे व गर्दी बाहेर ठेवण्याचे काम मामांनी करावे, असे आधीच ठरलेले असेल, तर तीच कामे एकाच वेळी होतात. माणसे तेवढीच, पण वेळ निम्मा.

शेतातील औषधाची विषबाधा झालेल्या रुग्णाच्या बाबतीतही हेच दिसते. अंगावरचे भिजलेले कपडे काढून शरीर साबणपाण्याने धुणे, हे मावशींचे काम ॲट्रोपिनच्या सुईइतकेच उपचाराचा भाग आहे. मात्र त्यांना हातमोजे देण्याची आठवण कोणीतरी ठेवली पाहिजे. ती पथकप्रमुखाने ठेवावयाची असते.

अशा लहान पथकात डॉक्टरला स्वतः हात लावावाच लागतो. श्वासनलिकेत नळी घालताना त्याची नजर घशातच असणार. तेवढ्या वेळापुरती नजर ठेवण्याची जबाबदारी त्याने ज्येष्ठ परिचारिकेकडे शब्दाने सोपवावी : “सिस्टर, प्राणवायूचा आकडा नव्वदच्या खाली आला की मला थांबवा.” हे सोपविणे म्हणजे नेतृत्व सोडणे नव्हे, नेतृत्व टिकविण्याचा तोच मार्ग आहे.

एकाच वेळी वीस जखमी

घाटातील अपघातासारख्या प्रसंगी मात्र नियम बदलतात. एका रुग्णासाठी सर्वस्व पणाला लावणे, हा वैद्यकाचा नेहमीचा धर्म असतो. वीस जखमी आले, की जास्तीत जास्त प्राण वाचविणे हा धर्म होतो. जखमींची निकडीनुसार वर्गवारी करण्याची पद्धत नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी रूढ केली. हुद्दा न पाहता जखमेची निकड पाहावी, असा त्यांचा दंडक होता. आज तांबडा, पिवळा, हिरवा आणि काळा अशा रंगांच्या चिठ्ठ्या वापरल्या जातात. तात्काळ उपचारांनी वाचू शकेल तो तांबडा. काही वेळ थांबू शकेल तो पिवळा. चालू शकतो तो हिरवा. मृत वा आशेपलीकडचा तो काळा.

ही वर्गवारी करणारा स्वतः उपचार करीत नाही. दाराशीच उभा राहून, प्रत्येकाला अर्धे-एक मिनिट देऊन, तो पुढच्याकडे जातो. हे मनाला कठीण जाते. पहिल्याच जखमीची जखम बांधायला बसावेसे वाटते. पण तो तेथे बसला, तर मागून येणारी, पोटात रक्तस्राव होत असलेली आणि म्हणूनच निःशब्द पडलेली वृद्धा कोपऱ्यात तशीच राहते. जो मोठ्याने ओरडतो, त्याचा श्वास चालू असतो, हे सूत्र वर्गवारी करणाऱ्याने विसरता कामा नये. ही वर्गवारी एकदाच करून भागत नाही. पिवळा केव्हाही तांबडा होऊ शकतो, म्हणून एका परिचारिकेने फेऱ्या मारून ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

अशा वेळी गावकरी, नातेवाईक, पोलीस आणि वार्ताहर एकदम येतात. त्यांच्याशी बोलण्यासाठी एकच व्यक्ती नेमली आणि जखमींची एकच यादी दर्शनी भागात लावली, तर निम्मा गोंधळ ओसरतो. गावातील तरुणांना रक्तदात्यांची नावे गोळा करण्याचे, रुग्णवाहिकेचा मार्ग मोकळा ठेवण्याचे काम द्यावे. पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या याचिकेवरील निकालात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्या नागरिकालाही संरक्षण दिले आहे. ही माहिती घाटाखालच्या प्रत्येक गावात पोचणे आवश्यक आहे.

सूत्रे सोपविताना

वणीत प्राण सावरले, तरी मेंदूची शस्त्रक्रिया किंवा मोठा रक्तपुरवठा यांसाठी सुमारे चाळीस किलोमीटरवरील नाशिक गाठावे लागते. २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. प्रारंभी ९३७ रुग्णवाहिका होत्या आणि त्यांत डॉक्टर असण्याची तरतूद होती. एका पथकाकडून दुसऱ्याकडे रुग्ण सोपविण्याचा हा क्षण नाजूक असतो. माहिती सर्वाधिक येथेच गळते. कोणते औषध केव्हा दिले, हे वणीतील परिचारिकेला ठाऊक असते. नाशिकच्या डॉक्टरला ते ठाऊक नसते.

यासाठीही ठरलेला साचा उपयोगी पडतो. काय घडले व केव्हा, कोणत्या जखमा आढळल्या, नाडी, रक्तदाब व शुद्धी कशी आहे, कोणते उपचार दिले, या चार गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात. त्या अर्ध्या मिनिटात दुसऱ्या पथकाने रुग्णाला हात न लावता ऐकावे, मग प्रश्न विचारावेत. तेच चार मुद्दे कागदावर लिहून सोबत द्यावेत आणि रुग्ण निघताच पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनीने कळवावेत. रक्तस्राव रोखण्यास साहाय्य करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत दिले, तरच लाभते. ते दिले की नाही, हे न कळल्यास एकतर ते दोनदा दिले जाईल किंवा मुळीच दिले जाणार नाही.

तयारी प्रसंगाच्या आधीची

तातडीचे वैद्यक ही भारतात तुलनेने नवी शाखा आहे. भारतीय वैद्यक परिषदेने तिला स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. या शाखेचे विशेषज्ञ प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असतील, अशी अपेक्षा करता येत नाही. परंतु पथकाने एकत्र काम करण्याची कला ही कोणा एका विशेषज्ञाची मिरास नाही. तिला महागडे यंत्र लागत नाही. तिला सराव लागतो.

पाळी सुरू होताना पाच मिनिटे एकत्र उभे राहून आज कोण कोणते काम पाहणार हे ठरवावे. तातडीच्या औषधांची गाडी तपासावी. महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून खोट्या रुग्णावर सराव करावा आणि त्यात मामा-मावशींनाही सहभागी करून घ्यावे. चैत्र व नवरात्र यात्रांपूर्वी तर असा सराव घाटातील अपघात कल्पून करावा, म्हणजे कुलूप कोणाकडे, जादा प्राणवायू कोठे, रात्री क्ष-किरण तंत्रज्ञाला कोण बोलावणार, या साध्या अडचणी आधीच उघड होतात. प्रत्येक कठीण प्रसंगानंतर, दमलेल्या स्थितीतही, दहा मिनिटे बसून तीन प्रश्न विचारावेत : काय चांगले झाले, काय राहिले, उद्यापासून काय बदलायचे? येथे दोष माणसाचा नव्हे, तर पद्धतीचा शोधावयाचा असतो. रुग्ण दगावला असेल, तर हे बोलणे अधिक आवश्यक असते. ज्या परिचारिकेने तासभर त्या रुग्णासाठी झुंज दिली, तिच्या मनावरचे ओझे हलके करणे हेही पथकप्रमुखाचे कर्तव्य आहे.

गडावर देवीच्या दर्शनाला जाणारा भाविक वाटेतील रुग्णालयाकडे क्वचितच वळून पाहतो. त्याला तेथे कधी जावे लागू नये, हेच इष्ट. परंतु घाटाच्या एखाद्या वळणावर दुर्दैव आडवे आलेच, तर त्याला त्या दाराआड धावपळ करणारे अनेक हात भेटतीलच. ते हात एकमेकांची कामे ओळखणारे, एकमेकांचे ऐकणारे आणि एका सूत्राने चालणारे असावेत, यासाठी लागणारी तयारी मात्र आजच, शांततेच्या दिवशी, करावी लागते.